किनाऱ्यावरील मद्यगृहपरिक्रमा : आखणी आणि शब्दसंपत्ती

इंग्लंडात एकाच सायंकाळी एका मद्यगृहातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे जात, प्रत्येक ठिकाणी एखादा पेला घेत गाव पालथे घालण्याची जी रीत आहे, तिला 'पब-क्रॉल' असे म्हणतात. 'पब' हा 'पब्लिक हाऊस' या जोडशब्दाचा संक्षेप असून 'क्रॉल' म्हणजे रांगणे. शेवटच्या मद्यगृहातून बाहेर पडणाऱ्याची गती या नावात आधीच गृहीत धरलेली दिसते. मराठीत या कल्पनेसाठी रूढ शब्द नाही. 'मद्यगृहपरिक्रमा' हा शब्द कानाला काहीसा अवघड वाटेल, आणि 'परिक्रमा' या पवित्र शब्दाचा असा उपयोग कोणास रुचणारही नाही. परंतु परिक्रमेत थांबे व त्यांचा क्रम ही आधी ठरलेली असतात आणि मार्ग हाच हेतूचा भाग असतो, या दृष्टीने तो अन्वर्थक आहे. वेंगुर्ल्यापासून साष्टीपर्यंतच्या किनाऱ्यावर अशी परिक्रमा आखावयाची झाल्यास ती कशी आखावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. भाषाशास्त्राच्या पत्रिकेत हा विषय कशासाठी, असा प्रश्न उपस्थित होईल. त्याचे उत्तर असे की, या किनाऱ्यावर मद्यगृहांची नावे मद्यावरून क्वचितच पडली आहेत. ती कर, मक्ता व परवाना यांवरून पडली आहेत. म्हणून ज्याला मार्ग आखावयाचा आहे त्याला शब्द वाचता आले पाहिजेत, आणि ज्याला शब्द गोळा करावयाचे आहेत त्याला मार्ग नीट आखता आला पाहिजे.

खुद्द 'पब्लिक हाऊस' हा शब्दही मुळात कायद्याच्या छायेतला आहे. इंग्लंडात मद्यगृह चालविण्यास न्यायाधिकाऱ्यांची परवानगी घेण्याची सक्ती १५५२ च्या कायद्याने झाली, आणि सर्वांस खुले असलेले परवानाधारक घर ते 'पब्लिक' असा अर्थ पुढे स्थिर झाला. आपल्याकडे ही दृष्टी त्याहून कितीतरी जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाचे प्रकरण ज्यांनी वाचले असेल त्यांना आठवेल की, तेथे पानागारात अनेक दालने असावीत, शय्या व आसने निरनिराळी असावीत, गंध, माला व उदक यांची सोय असावी, असे सांगितले आहे. पण त्याच ठिकाणी कोणास किती मद्य द्यावे आणि ते बाहेर नेऊ द्यावे की नाही याचेही नियम आहेत. सुखसोयी आणि पहारा ही दोन्ही एकाच छपराखाली नांदतात. मद्यगृह ही संस्था पुढे जिथे जिथे गेली, तिथे तिथे हे जोडपे तिच्याबरोबर गेले.

परिक्रमेचा पहिला टप्पा वेंगुर्ले–शिरोडे हा धरावा. येथील मूळ पेय माडी होय. नारळीच्या पोयीला छेद देऊन, तिला बांधून, टोक रोज थोडे थोडे कापीत राहिल्याने जो रस ठिबकतो तो ताजा असता नीरा, आणि आंबल्यावर माडी. हा फरक करणारा काळ अत्यंत थोडा असतो. हवेतील व मडक्यातील किण्वामुळे रस उतरताच आंबू लागतो. सकाळी गोड असलेली वस्तू दुपारी झोंबू लागते आणि आणखी दोन-तीन दिवसांत शिर्क्याच्या वाटेला लागते. म्हणून माडीच्या दुकानी केव्हा पोचावयाचे हे परिक्रमा करणाऱ्याने ठरवावयाचे नसून माडाने ठरवावयाचे असते. झाडावर चढणारा दिवसातून साधारणपणे तीन वेळा चढतो. त्यांतील सकाळची खेप अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, कारण त्या वेळी अवजारे हातात असतात आणि अवजारांची नावे अवजारे हातात असतानाच नीट सांगितली जातात.

शब्दांचा विचार करता येथे पहिलाच धडा मिळतो. 'माडी' हा शब्द माडावरून, 'ताडी' हा ताडावरून. दोन्ही झाडावरून पडलेली सरळ नावे. हिंदीतील 'ताडी'चेच इंग्रजीत 'टॉडी' झाले व तेथे त्याचा अर्थ साखर घातलेले ऊन मद्य असा पालटला. पण जेथे हे पेय विकले जाते त्या जागेस मराठीत झाडावरून नाव नाही. तिला 'गुत्ता' म्हणतात. मोलस्वर्थच्या कोशात 'गुत्ता' म्हणजे मक्ता, ठोक रकमेस घेतलेला महसुलाचा करार. कन्नडातील 'गुत्तिगे' याच कुळातले. सरकारने एखाद्या भागातील मद्यविक्रीचा हक्क लिलावाने एकास द्यावा आणि त्याने तो वसूल करावा, या पद्धतीतून 'दारूचा गुत्ता' असा प्रयोग आला व पुढे 'दारूचा' हे विशेषण गळून नुसता 'गुत्ता' उरला. या सर्व व्यवहाराला पूर्वी 'अबकारी' म्हणत. फारसी 'आब' म्हणजे पाणी व 'कारी' म्हणजे काम, तेव्हा अबकारी म्हणजे शब्दशः पाण्याचे काम. कर बसविणाऱ्याने मद्याला पाणी म्हणावे यातील विनोद सरकारी नव्हता, इतकेच.

गुत्त्याच्या शेजारी आज जी पाटी दिसते ती 'परमिट रूम' ची. या दोन शब्दांचा संयोग जगातील अन्य इंग्रजीभाषकांस सहसा उमगत नाही. त्याचा उगम मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात आहे. या कायद्याने मद्यपान सर्वसाधारणतः निषिद्ध ठरविले व प्रकृतीच्या कारणास्तव, परकीय नागरिक म्हणून वा अशाच अन्य आधारावर परवाना मिळविणाऱ्यास तेवढी मोकळीक ठेवली. १९६० नंतरच्या दशकात हे बंधन पुष्कळ सैल झाले, पण कायदा रद्द झाला नाही. त्याच्या नावातील 'मुंबई' जाऊन पुढे 'महाराष्ट्र' आले, एवढेच. त्यामुळे महाराष्ट्रात मद्य पिणारा आजही कायद्याच्या भाषेत अपवाद आहे, नियम नव्हे. त्याच्याजवळ एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीव परवाना असावयास हवा. पुष्कळांना हे ठाऊक नसते, आणि ठाऊक असलेल्यांपैकी पुष्कळांच्या खिशात तो नसतो. परंतु जी खोली 'परमिट'साठी म्हणून वेगळी काढली गेली, तिचे नाव परवाना विचारण्याची सवय मागे पडल्यावरही टिकून राहिले. नियम विसरला गेला तरी शब्द त्याची नोंद ठेवतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मराठीत थोडेच सापडेल.

आखणी करणाऱ्याने येथे दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात. महाराष्ट्रात बीअर व वाइन यांसाठी वयाची अट २१ वर्षांची आणि अन्य मद्यांसाठी २५ वर्षांची आहे. गोव्यात ती सरसकट २१ आहे. पदव्युत्तर वर्गातील बहुसंख्य विद्यार्थी या दोन आकड्यांच्या मधोमध असतात, तेव्हा सीमेच्या अलीकडे त्यांना माहितगाराशी बोलता येईल, माहितगाराच्या समोरील पेला मात्र त्यांचा असणार नाही. दुसरी गोष्ट दिवसांची. २ ऑक्टोबरसारखे कोरडे दिवस व मतदानापूर्वीचे ४८ तास यांत परिक्रमेचा सारा बेत फसतो.

दारूबंदीच्या काळाने आणखी काही शब्द मागे ठेवले आहेत व ते या मार्गावर कानी पडतात. 'नवटाक' आणि 'पावशेर' ही मुळात वजनमापे. नवटाक म्हणजे शेराचा अष्टमांश. दशमान पद्धती आली, शेर गेला, बाजारातून नवटाक गेले. पण 'नवटाक मारणे' या प्रयोगात ते मद्याच्या मापाचे व पुढे मद्याचेच नाव होऊन जगले. मुंबईतील 'आंटी' हा शब्दही याच काळातला. वांद्रे व गिरगाव या भागांत ज्या गोमंतकीय ख्रिस्ती स्त्रिया चोरून दारू विकीत, त्यांच्या घरांस 'आंटीचा अड्डा' म्हणत. सन्मानदर्शक नात्याचा शब्द व्यवसायवाचक झाला. या स्त्रियांची गावे कोठली, हे शोधू लागल्यास आपण आपोआप मार्गाच्या दुसऱ्या टप्प्यावर येतो.

दुसरा टप्पा तेरेखोलचा. येथे भूगोलाचा एक चमत्कार आहे. नदीच्या दक्षिणेस गोवा व उत्तरेस महाराष्ट्र अशी सर्वसाधारण समजूत. परंतु तेरेखोलचा किल्ला व गाव नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्यात मोडतात. पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये किल्ला घेतला, तेव्हापासूनची ही स्थिती. म्हणजे रेडीहून निघालेला मनुष्य पाण्यात पाऊल न टाकता, काही पावलांत, ज्या राज्यात पिणारा अपवाद आहे त्यातून ज्या राज्यात तो नियम आहे त्यात प्रवेश करतो. तेथून केरीकडे जावयाचे तर मात्र नावेतून नदी ओलांडावी लागते. उलट दिशेने येताना गोव्यात विकत घेतलेली बाटली परवान्याविना बरोबर आणणे हा महाराष्ट्राच्या कायद्यानुसार गुन्हा आहे. सबब परिक्रमा उत्तरेकडून दक्षिणेकडे आखावी, आणि परतताना हात रिकामे व वही भरलेली असावी.

बोलीच्या बाबतीत ही सीमा इतकी धारदार नाही. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कुडाळी बोलीच्या वर्णनाशी पेडण्यातील बोली ताडून पाहिल्यास उच्चार व प्रत्यय यांत संक्रमण हळूहळू होते, असे दिसते. पेडणे पोर्तुगीजांकडे १७८८ मध्ये, म्हणजे सावंतवाडीकरांकडून पुष्कळ उशिरा गेले; बारदेश व साष्टी १५४३ पासून त्यांच्याकडे होती. हे अडीच शतकांचे अंतर मद्याच्या शब्दावलीत उमटले आहे काय, हा प्रश्न कोणा विद्यार्थ्याने प्रबंधासाठी घ्यावा इतका रसाळ आहे. त्यासाठी पेडण्यात एक व बारदेशात एक असे किमान दोन थांबे एकाच दिवशी, एकाच प्रश्नावलीने झाले पाहिजेत.

आता गोव्यातील मद्यगृहाकडे वळू. त्यास 'तावेर्न' म्हणतात. पोर्तुगीज 'तावेर्ना', लॅटिन 'ताबेर्ना'. खेड्यातील जुनी तावेर्न म्हणजे बहुधा राहत्या घराचाच दर्शनी भाग. आत दोन बाकडी, एक टेबल, भिंतीवर एखाद्या संताचे चित्र, वेताने विणलेल्या आवरणातील मोठी काचेची बरणी. त्या बरणीस 'गर्राफांव' म्हणतात, पेल्यास 'कोप'. दोन्ही शब्द पोर्तुगीज. मारियो मिरांदा यांच्या चित्रांतून ही जागा ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती ओळखीची वाटेल. येथे येणारा मनुष्य परिक्रमा करीत नसतो. तो रोज एकाच तावेर्नीत, बहुधा एकाच बाकड्यावर बसतो. पाच ठिकाणी पाच पेले घेणारा पाहुणा त्याला चमत्कारिक वाटतो, व त्यात त्याचे काही चुकत नाही. दुपारी एकनंतर सुमारे चारपर्यंत खेड्यात दारे मिटलेली असतात, हेही आखणीत धरावे.

पण या जागेला मद्य पुरविणाऱ्या माणसाचे नाव पाहावे. माडावर चढून 'सूर' काढणाऱ्यास कोकणीत 'रेंदेर' म्हणतात. ऐकणाऱ्यास वाटते, हा कोणी जातिवाचक देशी शब्द असेल. वस्तुतः तो पोर्तुगीज 'रेंदेइरु' होय, आणि त्याचा अर्थ उत्पन्नाचा मक्तेदार, खंडकरी. 'रेंद' म्हणजे खंड, भाडे. म्हणजे झाडावर चढणारा मनुष्य पोर्तुगीज सत्तेला चढताना दिसलाच नाही. तिला दिसला तो खंड भरणारा. सीमेच्या उत्तरेस जागेला मक्त्याचे नाव मिळाले, दक्षिणेस माणसाला. दोन सत्ता, दोन भाषा, पण नाव ठेवणारी दृष्टी एकच. 'गुत्ता' आणि 'रेंदेर' हे शब्द कोशांत निरनिराळ्या पानांवर असल्याने हे साम्य सहजी ध्यानात येत नाही. रस्त्यावर ते काही कोसांच्या अंतराने समोर येतात. या दोन व्यवस्था काही काळ एकत्रही आल्या होत्या. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्याची जकात, मीठ व मद्यावरील कर ही ब्रिटिश हिंदुस्थानच्या पद्धतीशी जोडली गेली आणि १८९२ मध्ये तो तह संपला.

'सूर' व 'सोरो' (दारू) हे शब्द संस्कृत 'सुरा' शब्दाशी संबद्ध मानले जातात. अर्थशास्त्रातील सुरा मुख्यतः धान्याची. किनाऱ्यावर तांदळापेक्षा माड सोयीचा, तेव्हा शब्द धान्यावरून माडावर गेला. गार्सिया द ऑर्ता याच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात हा शब्द आला आहे, आणि सुरेपासून ऊर्ध्वपातनाने काढलेल्या मद्याचे नावही. ते नाव आजच्या 'उर्राक' शब्दाचे पूर्वरूप. मूळ अरबी 'अरक' म्हणजे घाम. भांड्याच्या झाकणावर जमून ओघळणाऱ्या थेंबांना घाम म्हणणे ही सुरेख उपमा आहे. हाच अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत 'अर्क' होऊन वैद्याच्या बाटलीत बसला, व समुद्रमार्गे येऊन तावेर्नीत 'उर्राक' झाला. 'दारू' शब्दाचाही प्रवास असाच. फारसीत तो औषधवाचक. 'दवादारू' या जोडशब्दात तो अर्थ अद्याप शाबूत आहे.

काजू हे या प्रदेशाचे दुसरे झाड, पण मूळचे येथले नव्हे. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले, आणि शब्दही तेथील तुपी भाषेतून त्यांच्यामार्फत आला. काजूचा हंगाम साधारणपणे मार्च ते मे. परिक्रमेसाठी हेच महिने निवडावेत, कारण उर्राक साठवून ठेवण्याजोगी नसते व पावसाळा सुरू झाला की ती दिसेनाशी होते. बोंडू तुडविण्याच्या खडकातील वा बांधीव कुंडास कोकणीत 'कोळंबी' म्हणतात. मराठी विद्यार्थ्याने वहीत 'बोंडू कोळंबीत घालतात' असे लिहून घेतले तर विभागातील कोणी ते स्वयंपाकाचे टिपण समजण्याचा संभव आहे. जागेचे चित्र शेजारी काढावे. तुडवून झाल्यावर लगद्यातून आपोआप निथळणारा स्वच्छ रस तो 'नीरो'. बाकीचा रस आंबवून 'भाण' नावाच्या भांड्यात तापवितात. पहिल्या ऊर्ध्वपातनाने मिळते ती सौम्य उर्राक. ती नव्या आंबविलेल्या रसात मिसळून पुन्हा तापविली असता मिळते ती फेणी. फेणी सामान्यतः ४२.८ टक्के मद्यार्काची असते. ओतताना वा हलविताना पृष्ठभागावर येणाऱ्या फेणावरून तिची परीक्षा करीत. नावाची व्युत्पत्ती तीच. तीव्रतेचे माप 'ग्राव', पुन्हा पोर्तुगीज.

येथे एका गोंधळापासून सावध राहिले पाहिजे. मराठीत 'पहिल्या धारेची' म्हणजे सर्वांत कडक. मग पहिल्या वेळची उर्राक सौम्य कशी? 'धार' आणि 'वेळ' या निराळ्या गोष्टी आहेत. एकाच वेळच्या तापविण्यात आधी जे उतरते त्यात मद्यार्क अधिक असतो, कारण तो पाण्याहून कमी उष्णतेस, सुमारे ७८ अंशांवर उकळतो. जसजसे तापवीत जावे तसतसे पाणी वाढते. 'पहिली धार' ही एका खेपेच्या आतील गोष्ट. उर्राक व फेणी यांतील भेद हा दोन खेपांमधला. ऑर्तानेही कडक व सौम्य मद्यांत भेद केला असून कडक मद्यास 'फूल' या अर्थाचे नाव दिले आहे. माहितगारास प्रश्न विचारताना हा भेद मनात नसेल तर उत्तरे परस्परविरोधी वाटतात आणि दोष बिचाऱ्या माहितगाराच्या माथी जातो.

सीमेचा सर्वांत कठोर परिणाम या बोंडूवरच दिसतो. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले या भागांत काजू विपुल. तेथील बोंडू पुष्कळसे झाडाखाली कुजतात किंवा गाड्यांत भरून गोव्यात जातात. त्याच फळापासून निघालेल्या काजूच्या फेणीस २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली व २०१६ मध्ये गोवा शासनाने तिला वारसा-पेयाचा दर्जा दिला. एका बाजूस कचरा, दुसऱ्या बाजूस वारसा. अर्थात शब्दसंपत्तीही त्याप्रमाणेच वाटली गेली: उत्तरेस बिया काढण्याचे शब्द भरपूर, ऊर्ध्वपातनाचे थोडे आणि दबक्या आवाजात सांगितले जाणारे.

दबका आवाज ऐकू आला तर परिक्रमा करणाऱ्याने तेथे प्यावयाचे नाही, हा नियम निरपवाद मानावा. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. तेथे मारक ठरले ते मिथेनॉल. डोळ्यांना, नाकाला वा जिभेला ते ओळखू येत नाही. परवान्याची पाटी ही भाषाशास्त्रज्ञाच्या दृष्टीने कौतुकाची वस्तू असली तरी तिचे खरे काम हे आहे.

रस्त्यांविषयी थोडेसे. १५ डिसेंबर २०१६ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस बंदी केली. १ एप्रिल २०१७ पासून ती अमलात आली. त्याआधी लहान वस्त्यांपुरते हे अंतर २२० मीटर करण्यात आले, आणि पुढे नगरपालिका क्षेत्रांस सवलत मिळाली. त्यामुळे जुन्या वर्णनांतील मद्यगृह त्याच जागी असेल असे धरून चालू नये. गाडी चालविणाऱ्याच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असणे हा गुन्हा आहे व २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड होऊ शकतो. गोव्यातील अरुंद रस्ते, दुतर्फा माड आणि रात्रीचा काळोख पाहता दंडाचा आकडा हा यातील सर्वांत क्षुल्लक भाग होय. न पिणारा एक चालक, अथवा कदंबची बस व नदीवरील फेरीबोट, याखेरीज तिसरा पर्याय आखणीत असू नये. फेरीबोटीचा एक लाभ असा की, दोन थांब्यांत ती सक्तीची विश्रांती घडविते.

थांबे किती असावेत? हौशी मंडळी आठ-दहा आखतात. शब्दसंग्रहाच्या दृष्टीने दिवसास तीन पुरेत, आणि त्यांतील एकच मद्यगृह असावे. पहिला थांबा सकाळी माडाखाली, दुसरा भट्टीपाशी, तिसरा सायंकाळी तावेर्नीत. क्रम उलटा केल्यास हाती काही लागत नाही. सायंकाळी सातनंतर नोंदविलेले उच्चार विश्लेषणास निरुपयोगी ठरतात. माहितगाराचे स्वर सैल होतात, आणि नोंदविणाऱ्याचे कानही. माहितगारास पाजून बोलते करण्याची युक्ती पुष्कळांना सुचते. ती टाळावी. तो बोलेल, पण जे पाहुण्याला आवडेल ते बोलेल, आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा माडावर चढावयाचे असते. माडावरून पडणे म्हणजे काय, हे त्याच्या घरी विचारावे लागत नाही. बहुतेक घरांत त्याची आठवण असते.

याच कारणाने त्या घरांतील मुले आता चढत नाहीत. ती बोटीवर, आखातात वा हॉटेलांत नोकरीस गेली आणि त्यांच्या बापांनी ती मुद्दाम धाडली. चढण्याचे काम सुटावे ही त्या घरांची इच्छा न्याय्य आहे. शब्द टिकावेत म्हणून कोणी माडावर चढत राहावे, असे म्हणण्याचा अधिकार विद्यापीठास नाही. परंतु काम सुटताना शब्द नोंदविण्यास हरकत नाही, आणि ती संधी फार दिवस राहणार नाही. 'काती' म्हणजे पोय कापण्याचे रुंद पात्याचे हत्यार, 'दुदिणें' म्हणजे दुध्याच्या कवचाचे कमरेस अडकविण्याचे पात्र. दुदिण्याची जागा प्लास्टिकच्या डब्याने घेतली तेव्हा काही जणांनी जुनेच नाव नव्या डब्यास दिले, काहींनी दिले नाही. कोणी दिले व कोणी दिले नाही, हे आज विचारता येते. दहा-पंधरा वर्षांनी विचारण्यास माणूस उरेलच असे नाही. शासनाच्या भाषेतही माडाचे स्थान डळमळीत राहिले आहे. गोव्यात २०१६ मध्ये वृक्षसंरक्षणाच्या कायद्यातून माड वगळण्यात आला, कारण त्यास शाखा नाहीत, सबब तो वृक्ष नव्हे; पुढील वर्षी त्यास पुन्हा वृक्ष मानून राज्यवृक्षही ठरविण्यात आले. ज्याच्यावर रेंदेर आयुष्यभर चढला तो वृक्ष की तृण, याचा निकाल त्याला कोणी विचारला नव्हता.

शेवटचा टप्पा साष्टीचा. पणजीहून मडगाव सुमारे ३३ किलोमीटर. पणजीत फोन्तेइन्यशच्या गल्ल्यांतून फिरताना पाट्या अवश्य उतरून घ्याव्यात. 'तावेर्न', 'बार', 'बार अँड रेस्टॉरंट' हे शब्द एकाच गल्लीत शेजारी शेजारी आढळतात, आणि कोणती पाटी जुनी हे रंगावरून नव्हे, लिपीवरून व शुद्धलेखनावरून कळते. साष्टीच्या खेड्यांत मात्र पाट्यांवर अवलंबून चालत नाही. पुष्कळ जुन्या जागांना मालकाच्या किंवा त्याच्या आजीच्या नावानेच ओळखतात. अशा ठिकाणी पोचण्यासाठी गावच्या 'पोसऱ्या'त, म्हणजे किराणा दुकानात, विचारावे. सायंकाळची चढण आटोपून रेंदेर सूर घेऊन येतो ती वेळ साधली तर ताजी सूर, शिर्का आणि फेणी या तिन्ही अवस्थांतील एकच रस एका टेबलावर पाहावयास मिळतो. शिर्का इतकी प्रतिष्ठित वस्तू आहे की त्यासाठी सूर राखून ठेवणारी घरे अजून आहेत. तिच्याविषयीचे शब्द स्वयंपाकघरात, स्त्रियांच्या बोलण्यात सापडतात, तावेर्नीच्या बाकड्यावर नव्हे. तेव्हा वही मिटण्यापूर्वी मागील दाराने आत डोकावण्याची परवानगी घरधनिणीकडे मागावी.